ॲस्टर ओळखायची तर फूल पालथं करा

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी, हळदीकुंकवाच्या बायका येऊन गेल्यावर मी जरा कुठे टेकले आणि भाचीचे दोन फोटो आले. ती बॉस्टनजवळ राहते. पहिल्या फोटोत माळावरच्या पायवाटेच्या कडेला कमरेएवढी झुडपं, जांभळ्या फुलांनी गच्च भरलेली. दुसऱ्यात समुद्राजवळची दलदल, खाडीसारखी, आणि तिच्या काठाला तशीच जांभळी फुलं. खाली लिहिलेलं, «मावशी, ही तर आपली मंडईतली ॲस्टर! इथे रानात फुकट उगवलीये.»

समोर गौरीपुढच्या परडीत मंडईतून आणलेली ॲस्टर होतीच. एक फूल उचललं, फोटोशेजारी धरलं. जांभळ्या पाकळ्या, मध्ये पिवळं. मलाही दहा मिनिटं वाटलं की पोरगी बरोबर बोलतेय. मग फोटो मोठे करून पाहायला लागले आणि त्या दहा मिनिटांचे पुढे तीन आठवडे झाले. कारण तिचे ते दोन फोटो एकाच फुलाचे नव्हते. आणि माझ्या हातातलं फूल त्या दोन्हींपैकी नव्हतं.

ते तीन आठवडे वाचकांच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हा लेख. विषय अमेरिकेतल्या दोन रानटी ॲस्टरांचा आहे, पण त्या ओळखायची विद्या मंडईत पन्नास रुपयांची फुलं घेऊन घरच्या घरी शिकता येते. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आधी झेंडूचं एक फूल घ्या. दसऱ्याचं शिळं असलं तर उत्तमच. मधोमध फाडा. आपण ज्याला पाकळी म्हणतो ती एक ओढून काढली की तिच्या खाली काळपट काडी लागून येते. लहानपणी हेच सुकवून कुंडीत पेरलेलं आठवत असेल. ती काडी म्हणजे होऊ घातलेलं बी. आता विचार करा, गुलाबाची पाकळी ओढली तर तिच्याखाली कधी बी येतं का? जास्वंदीच्या? नाही. कारण झेंडूची ‘पाकळी’ पाकळी नसते, ते एक अख्खं फूल असतं, आपलं स्वतःचं बी खाली घेऊन बसलेलं. झेंडूचं एक फूल म्हणजे दीडदोनशे फुलांची सोसायटी.

सूर्यफूल, शेवंती, झेंडू, ॲस्टर, डेलिया, सगळे याच कुळातले. या रचनेला मराठी वनस्पतिशास्त्रात स्तबक म्हणतात. त्यात दोन प्रकारची बारकी फुलं असतात. कडेला असतात ती लांब पट्टीसारखी, जाहिरात करणारी. त्यांना किरणपुष्पकं म्हणतात. मध्ये जी पिवळी चकती दिसते ती नळीसारख्या बारक्या फुलांची, ती बिंबपुष्पकं. चकतीतली फुलं एकदम उमलत नाहीत, कडेकडून आत, रोज थोडी थोडी. त्यामुळे माशीला त्याच पत्त्यावर आठवडाभर परत परत यावं लागतं. धोरण यशस्वी म्हणायचं, कारण फुलझाडांच्या सगळ्यांत मोठ्या दोन कुळांपैकी हे एक आहे, दुसरं ऑर्किडचं. सिंहगडाच्या वाटेवर भाद्रपदात पिवळीधमक फुलणारी सोनकी याच कुळातली. खरचटल्यावर जिचा पाला चोळतात ती एकदांडीही. आणि हो, गाजरगवतसुद्धा, ज्याची भारतातली ठळक नोंद 1950च्या दशकाच्या मध्यात आपल्या पुण्यातच झाली. प्रत्येक घराण्यात एखादा असतोच.

या सगळ्या सोसायटीला खालून धरून ठेवणारी एक हिरवी वाटी असते. ही वाटी बारक्या हिरव्या पानांची, म्हणजे छदांची बनलेली असते. फुलाकडे बघणारा कोणीही या वाटीकडे बघत नाही. देवाला वाहतानाही फूल उताणंच ठेवतात. आणि नेमकी ओळख तिथे असते.

हे मला पटलं ते चार फुलांवरून. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी झेंडू, शेवंती आणि ॲस्टर पालथे घातले, चौथी एकदांडी गल्लीतून उपटून आणली. झेंडूची छदं एकमेकांना चिकटून त्यांचा सलग पेला झालेला असतो, बोटाने दाबला तर कुडकुड वाजणारा. शेवंतीची छदं कौलांसारखी एकावर एक रचलेली आणि त्यांच्या कडा कांद्याच्या सालीसारख्या पातळ, पारदर्शक. मंडईतल्या ॲस्टरच्या खाली मोठी, रुंद, खरोखरच्या पानांसारखी हिरवी छदं पसरलेली असतात. जुन्या विलायती चित्रांतल्या सरदारांच्या गळ्याभोवती झालरीची कॉलर असते ना, तशी. एकदांडीची मोजकीच, केसाळ. वरून बघितलं तर झेंडू सोडून बाकीच्यांत गोंधळ होऊ शकतो, विशेषतः जांभळी शेवंती आणि जांभळी ॲस्टर शेजारीशेजारी असली की. पालथी घातली की शंका उरत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञांनाही हेच सोयीचं पडतं आणि त्याचं कारण फार घरगुती आहे. त्यांचं बरंचसं काम वाळवलेल्या नमुन्यांवर चालतं. झाड कागदांत दाबून वाळवायचं, जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायचं, कोपऱ्यात चिठ्ठी. पुण्यात कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या केंद्रात आणि आघारकर संशोधन संस्थेत असे कागद कपाटंच्या कपाटं भरून आहेत. वाळल्यावर जांभळा रंग उडतो. घरी एक ॲस्टर वर्तमानपत्रात दाबून बघा, महिन्याभरात चहाच्या डागासारखी होते. पण छदांचा आकार, त्यांची वळणं, त्यांच्यावरचे केस जसेच्या तसे राहतात. रंगावर विसंबणाऱ्याचं पन्नास वर्षांनी काहीच उरत नाही.

एवढी तयारी झाल्यावर मी भाचीला निरोप पाठवला की शनिवारी दोन्ही ठिकाणी जाऊन एकेक फांदी घेऊन ये. आमचे इथले रात्रीचे साडेनऊ, तिचे दुपारचे बारा. व्हिडिओ कॉलवर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मी इकडे भिंग घेऊन. भिंगाचा मला काही उपयोग नव्हता, पण हातात असलं की बरं वाटतं.

«आधी माळावरची घे. पालथी कर. काय दिसतं?»

«हिरवं. केसाळ. ई, चिकट आहे गं!»

चिकट म्हटल्याबरोबर मला निम्मं उत्तर मिळालं. माळावरची ती न्यू इंग्लंड ॲस्टर. तिची छदं बारीक, टोकदार, आणि त्यांच्यावर इवल्या ग्रंथी असलेले केस. त्या ग्रंथींतून चिकट द्रव येतो. बोटाला राळेसारखा किंचित वास राहिला, असं भाची नंतर म्हणाली. देठही तसंच, बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत, पांढुरक्या केसांनी भरलेलं.

«आता दुसरी.»

दुसरीचं देठ गुळगुळीत. नीट उजेडात धरल्यावर तिला केसांची एखाददुसरी रेघ दिसली, पानाच्या बगलेतून खाली उतरणारी, बाकी काही नाही. चिकटपणा शून्य. आणि छदांची टोकं बाहेर वळलेली, शर्टाची कॉलर उलटी करून बसलेल्या पोरासारखी. ही न्यू यॉर्क ॲस्टर.

मग मी तिला पाकळ्या मोजायला लावल्या, म्हणजे किरणपुष्पकं. खारटपट्टीवरचीची सव्वीस भरली. माळावरचीची मोजताना ती चाळिसाच्या पुढे दोनदा चुकली आणि म्हणाली, «खूप आहेत, मावशी, जाऊ दे.» खूप आहेत हेच उत्तर. न्यू इंग्लंडवालीला साधारण पन्नास ते पंच्याहत्तर असतात, कधी शंभरापर्यंत जातात. न्यू यॉर्कवालीला पंधरा ते पस्तीस. म्हणून पहिली दाट, झालरीसारखी दिसते आणि दुसरी सुटसुटीत, चांदणीसारखी. ॲस्टर या ग्रीक शब्दाचा अर्थच चांदणी, तारा.

पानांतही फरक आहे, पण तो सवयीने कळतो. दोघींचीही पानं देठ नसलेली, खोडाला बिलगलेली. न्यू इंग्लंडवालीच्या पानाचा बुंधा दोन कानांसारखा फाकून खोडाला मिठी मारतो आणि पानं एकमेकांना खेटून, दाटीवाटीने लागतात. दुसरीची मिठी सैल, पान तुकतुकीत आणि थोडं जाडसर. समुद्राकाठी राहणाऱ्या झाडाचं पान बहुधा असंच होतं. आपल्या कोकणातल्या किनाऱ्यावर हिंडलेल्यांना हे नवीन नाही.

इथे एक कबुली देऊन टाकते. एवढं सरळ प्रत्येक वेळी होत नाही. न्यू यॉर्कवाली फार बहुरूपी आहे. एका ठिकाणी ढोपराएवढी, दुसरीकडे खांद्याएवढी. कुठे छदं पार उलटी वळलेली, कुठे जेमतेम. तिचे जातभाई बरेच आहेत आणि ती त्यांच्याशी संकर करते, त्यामुळे मुरलेले लोकही कधी कधी मान हलवून पुढे जातात. न्यू इंग्लंडवालीच्या बाबतीत मात्र फारसा घोळ नाही: केसाळ देठ, चिकट वाटी, गच्च पाकळ्या, तीन खुणा एकत्र मिळाल्या की तीच.

नावांनी तर आणखी गोंधळ घातला आहे. न्यू इंग्लंड म्हणजे बॉस्टनच्या आजूबाजूची ईशान्येकडची सहा राज्यं. पण न्यू इंग्लंड ॲस्टर तेवढ्यात मावत नाही, ती अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या पूर्व-मध्य भागात माळांवर, रस्त्यांच्या कडांना, ओलसर कुरणांत लांबवर पसरलेली आहे. न्यू यॉर्क ॲस्टर उलट किनारा धरून राहते. वर कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यापासून खाली दक्षिणेपर्यंत लांबलचक पट्टी, खारट दलदलीच्या कडा, ओल्या जागा. न्यू यॉर्क त्या पट्टीवरचं एक गाव, इतकंच. म्हणजे न्यू इंग्लंडची न्यू यॉर्कातही मिळते आणि न्यू यॉर्कची न्यू इंग्लंडातही. भाचीला एकाच शनिवारी दोन्ही सापडल्या त्या अशाच. कोल्हापुरी चप्पल लक्ष्मी रोडवर मिळते म्हणून आपण चकित होत नाही, तसंच हे.

शास्त्रीय नावंही तीच. एकीचं नोव्हे-अँग्लिए, म्हणजे नव्या इंग्लंडची. दुसरीचं नोव्ही-बेल्जाय. यात बेल्जियम कुठून आलं, हा प्रश्न मलाही पडला होता. न्यू यॉर्क इंग्रजांच्या हाती 1664 मध्ये पडायच्या आधी तिथे डचांची वसाहत होती आणि लॅटिनमध्ये लिहिणारे तिला नवं बेल्जियम म्हणत, कारण आजचं नेदरलँड्स आणि बेल्जियम या सगळ्या मुलखाला लॅटिनमध्ये बेल्जिका म्हणायची पद्धत होती. वसाहत गेली, शहराचं नाव बदललं, फुलाच्या कपाळावर जुनाच पत्ता राहिला. पुण्यात अजून लोक रिक्षावाल्याला ‘अलका टॉकीजला’ सांगतात, त्यातलाच प्रकार.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेअसने 1753 सालच्या आपल्या पुस्तकात या दोघींना नावं दिली तेव्हा आडनाव, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, ॲस्टरच ठेवलं. त्याच पुस्तकात मंडईतल्या ॲस्टरलाही त्याने ॲस्टर चायनेन्सिस म्हटलं, ती मूळची चीन-कोरियाकडची म्हणून. म्हणजे त्या गौरीच्या संध्याकाळी भाचीने आणि मी जी चूक केली तीच लिनेअसनेही केली होती असं म्हणायला हरकत नाही, फक्त त्याच्याकडे कारण होतं. जांभळ्या-पांढऱ्या पाकळ्या, पिवळी चकती, दिसायला चांदणी: सगळे एका पोत्यात. पुढची दोनशेहून जास्त वर्षं या पोत्यात जगभरातून भर पडत गेली आणि ते काही शे जातींवर गेलं.

मंडईतली त्यातून लवकर बाहेर पडली. एकोणिसाव्या शतकातच तिला कॅलिस्टेफस असं स्वतंत्र घर मिळालं. अर्थ ‘सुंदर मुकुट’. अमेरिकन ॲस्टरांना मात्र 1994 पर्यंत थांबावं लागलं. त्या साली गाय नेसम या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने पोतं उलटं केलं आणि बहुतेक अमेरिकन ॲस्टर वेगवेगळ्या प्रजातींत वाटून टाकल्या. आपल्या दोघींना सिम्फियोट्रायकम असं तोंडभरून आडनाव मिळालं. बागवाल्यांनी ते अजूनही मनावर घेतलेलं नाही, रोपवाटिकांच्या पाट्यांवर ॲस्टरच लिहिलेलं असतं. पण नंतर डीएनएचा पुरावा आला आणि त्याने नेसमला पाठबळच दिलं: अमेरिकन ॲस्टर युरोप-आशियातल्या खऱ्या ॲस्टरांच्या जवळच्या नव्हेतच. त्यांचं नातं अमेरिकेतल्याच शेजाऱ्यांशी जास्त, उदाहरणार्थ सॉलिडॅगोशी. सॉलिडॅगो म्हणजे आपल्याकडे फुलवाले बुकेमध्ये भरायला घालतात ती पिवळी, तुऱ्यासारखी ‘गोल्डन रॉड’. जांभळ्या चांदणीची जवळची नातलग पिवळी काडी आणि दिसायला डिट्टो असलेली चिनी ॲस्टर लांबची. चेहऱ्यावर जाऊ नये ते असं.

मग या दोघी तरी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत का? आडनाव एक, रंग एक, हंगाम एक. इथे मला सगळ्यांत मजा आली.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीची सूचना लिहिलेली असते, ती गुणसूत्रांत. एखाद्या ज्ञानकोशाचे खंड असावेत तशी. माणसाचा कोश तेवीस खंडांचा आणि आपल्याकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून, एकूण शेहेचाळीस. आता न्यू इंग्लंड ॲस्टरचा कोश पाच खंडांचा, प्रती दोन, एकूण दहा. न्यू यॉर्क ॲस्टरचा कोश आठ खंडांचा. आणि प्रती सहा! एकूण अठ्ठेचाळीस. (मंडईतलीचे नऊ खंड, दोन प्रती, अठरा. या गोतावळ्यात मूळ आकडा नऊच असावा आणि पुढे खंड एकमेकांत बांधले जाऊन काहींचे कमी झाले असावेत, असं मानतात.)

झाडांत अशा जास्तीच्या प्रती होणं नवलाचं नाही. आपण खातो तो गहूही सहा प्रतींवाला आहे. पण लग्न जमवायचं तर अडचण येते. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रती निम्म्या होतात: इकडून पाच खंड येणार, तिकडून चोवीस. एकत्र एकोणतीस. पुढच्या पिढीसाठी पुन्हा निम्मे करताना प्रत्येक खंडाला आपला जोडीदार शोधून शेजारी उभं राहावं लागतं. तिकडचे चोवीस आपापसांत कसेबसे जमवून घेतील, इकडच्या पाचांना जोडच नाही. वाटणी फसते. म्हणून या दोघी माळावर एकाच वेळी फुलल्या, एकाच मधमाशीने दोघींवर फेऱ्या मारल्या, तरी घरं वेगळीच राहतात.

न्यू इंग्लंडवालीची सोयरीक जमते ती भलतीकडेच. हीथ ॲस्टर म्हणून एक जात आहे, शास्त्रीय नाव एरिकॉइडिस. फुलं पांढरी, नखाएवढी, झुडूप बुटकं. दोघी शेजारी ठेवल्या तर कोणी म्हणणार नाही की यांचा काही संबंध आहे. पण तिच्याही कोशाचे खंड पाच. त्या दोघींचा संकर रानात आपोआप होतो आणि त्या पोराला ॲमेथिस्ट रत्नावरून नाव मिळालं आहे, रंगही तसाच फिका जांभळा. न्यू यॉर्कवाली आपल्या आठ खंडांच्या गोतात रमते. सिम्फियोट्रायकम हे मोठं घर असलं तरी आत दोन वेगळे वाडे आहेत, एक पाचवाल्यांचा, एक आठवाल्यांचा. काही जणांनी तर मध्यंतरी न्यू इंग्लंडवालीला व्हर्गुलस नावाचा वेगळा संसार थाटून दिला होता. तो पुढे टिकला नाही. तेव्हा सख्ख्या बहिणी नव्हेत. चुलत म्हणा. एकाच रंगाची पैठणी नेसून लग्नाला आलेल्या चुलत बहिणी, आणि लांबून लोक हाका मारताना चुकतात.

पैठणी एकाच रंगाची का, याला उत्तर गिऱ्हाईकांत आहे. अमेरिकेच्या त्या भागात सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे थंडीच्या आधीचा शेवटचा बाजार. बाकीची फुलं आटोपलेली असतात. गरगरीत भुंगेमाश्या साठा करत असतात, नव्या राण्यांना हिवाळाभर जमिनीत झोपायचं असतं. मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोकडे निघालेली असतात, हजारो किलोमीटरचा पल्ला, वाटेत मध लागतो. त्यांचं माळावरचं एक आवडतं ठिकाण म्हणजे न्यू इंग्लंड ॲस्टर. जांभळी झालर आणि पिवळी चकती ही जोडी दुकानाच्या पाटीसारखी काम करते. चकतीतली फुलं जुनी झाली की पिवळ्याची तांबूस-तपकिरी होते. भाचीच्या दुसऱ्या फोटोत निम्मी फुलं तांबूस चकतीची होती आणि तिला वाटलं होतं ती तिसरीच जात आहे. नाही, त्या दुकानात माल संपत आला होता, एवढंच.

बागेत लावायचं तर काय फरक? जे लावतात त्यांच्यासाठी एकच सांगते: भुरी. द्राक्षवाल्यांना, काकडी-भोपळेवाल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी. न्यू यॉर्कवाली भुरीला अगदी बळी पडते, न्यू इंग्लंडवाली बऱ्यापैकी टिकून राहते. तरी गंमत अशी, की इंग्लंडातल्या बागवाल्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जीव टाकला तो न्यू यॉर्कवालीवर. तिच्यातून त्यांनी गुलाबी, किरमिजी, निळसर, दुहेरी अशा शेकडो बागायती जाती काढल्या आणि मग जन्मभर फवारण्या करत बसले. तिकडे तिला मायकलमास डेझी म्हणतात, 29 सप्टेंबरच्या सणावरून, कारण तेव्हा ती फुलते. इंग्रजीत नाही का गुलबक्षीला चारची फुलं म्हणत. युरोपात ती बागांची कुंपणं ओलांडून नदीकाठांवर पसरली आणि आता तिथे तण म्हणून तिच्या नावाने बोटं मोडतात. आपल्याकडच्या टेकड्यांवर केशरी कॉसमॉस पसरलाय, तोही मेक्सिकोहून बागेसाठी आलेला आणि याच कुळातला, तसंच.

पुण्यात या दोघी रानात नाहीत, पण पुण्याचं ॲस्टरशी नातं जुनं आहे. मंडईतल्या चिनी ॲस्टरच्या काही नावाजलेल्या जाती गणेशखिंडीच्या संशोधन केंद्रात तयार झाल्या: फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट, फुले गणेश पर्पल. यातलं ‘फुले’ म्हणजे पुष्प नव्हे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं नाव. आणि ‘गणेश’ गणेशखिंडीवरून. गणपतीत गणेश नावाची ॲस्टर वाहिली जाते ती वेगळ्याच कारणाने, पण मला आवडलं.

तर एवढं सगळं डोक्यात असताना, नोव्हेंबरात एका ओळखीच्या बाईंच्या सत्काराला गेले होते. पंचाहत्तरी, शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ. बसायला पहिल्या रांगेत मिळालं आणि सत्कारमूर्तींनी गुच्छ शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या मांडीलगत ठेवला. आत जर्बेरा, चार गुलाब, गोल्डन रॉड, आणि भर म्हणून ती बारीक जांभळी फुलं, जिला फुलवाले ‘ब्लू डेझी’ म्हणतात. शंभर वेळा पाहिली असेल. पिवळी चकती, जांभळी चांदणी.

अध्यक्षांचं भाषण चालू होतं. मी हळूच एक काडी अर्धी बाहेर ओढली. देठावरून बोट फिरवलं: गुळगुळीत. पाकळ्या मोजल्या: बावीस. फूल पालथं केलं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याशी नेलं. चिकटपणा नाही, केस नाहीत. बागायती काडीत दोन-तीन जातींचं रक्त मिसळलेलं असतं, त्यामुळे नेमकं नाव ठेवायला मी धजणार नाही, पण आठ खंडांच्या वाड्यातली ती, पाचवाल्यांची नव्हे, एवढं मला वाटून गेलं. आणि तिच्या अंगाला खेटून, त्याच रबरबँडमध्ये, गोल्डन रॉड. नातलग नातलगाशेजारी.

तेवढ्यात टाळ्या झाल्या. मान वर केली तर सत्कारमूर्ती माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या काडीकडे बघत होत्या.

«काय झालं हो? कीड आहे का?»

«नाही नाही,» मी म्हटलं आणि काडी परत खोचली.